निअर मिसची वही

माझी मुलगी आठवीत गेली त्या वर्षी तिच्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या दोनदा बदलाव्या लागल्या. पहिल्या वेळी सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय. दुसऱ्या वेळी लाकडाबद्दल तो काही बोलला नाही. लांब स्क्रू घातले, हत्यारं पिशवीत भरली आणि बंद खोलीकडे बघत हळूच विचारलं, कितवीत आहे. मी सांगितलं. त्यानं मान हलवली, म्हणाला, आमची नववीला आहे, आणि निघताना माझ्या दंडावर हलकेच थोपटलं. सुतारानं सांत्वन करावं अशी वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कारण आमच्या घराची ख्याती वेगळी होती. मी आंबीच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. कुठं काय निसटलं, कोण घसरलं, कुणाचं बोट थोडक्यात वाचलं, ते का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे शोधण्यात माझी बावीस वर्षं गेली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या वर्गात चाळीस पोरं कल्ला करत असतात आणि ती दारात येऊन नुसती उभी राहिली की चिमण्या उडाव्यात तसा आवाज उडून जातो. म्हणजे एक अपघातांचा जाणकार, एक शिस्तीची जाणकार, आणि दोघांच्या संसारात एकुलती एक मुलगी. सोमाटण्याच्या आमच्या सोसायटीतले लोक पोरांबद्दल विचारायला आमच्याकडे यायचे. आम्ही चहा द्यायचो आणि सल्लाही द्यायचो. ती आठवीत गेल्यावर नुसता चहा उरला.

ती वाईट मुलगी होती असं मी म्हणणार नाही. पण तिला राग आला की तो घरभर फिरायचा. कधी दारातून जायचा, कधी ताटातून. जेवताना भाजीवरून सुरू झालेलं बोलणं मोबाईलवर यायचं, मोबाईलवरून मार्कांवर, आणि मार्कांवर आलं की स्टीलची डिश भिंतीवर. तोंडही असं की उत्तर द्यावं तर आपण तिच्या वयाचे होतो आणि देऊ नये तर आपण तिचे बाप राहत नाही. गणिताच्या सरांना तिनं भर वर्गात सांगितलं होतं की तुम्हाला नीट समजावता यायला लागलं की मला बोलवा, मी येईन. आणि खरोखर उठून बाहेर जाऊन बसली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बोलावलं, तेव्हा बायकोनं मान खाली घातली. मी विचार करत होतो की सर खरंच नीट समजावत नसतील का.

आमच्या कारखान्यात प्रत्येक खात्यात खिळ्याला एक वही टांगलेली असते. तिला निअर मिसची वही म्हणतात. अपघात झाला तर सगळेच लिहितात. ही वही न झालेल्या अपघातांची. तेलावरून पाय सरकला पण पडला नाही, वरून पाना पडला पण डोक्यावर नाही, असं जे थोडक्यात टळलं ते लिहायचं. तारीख, घटना, कारण, उपाय असे चार रकाने. कारण शोधायचं तर पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाय का सरकला, तेल होतं. तेल का होतं, नळी गळत होती. नळी का गळत होती, असं खाली खाली जात राहायचं. आणि कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, हा माझा नियम. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं कुणी लिहिलं की मी वही परत पाठवतो. नवीन सुपरवायझरांना मी सांगतो, कारणात माणूस आला की समजा, तुम्ही शोधायचं थांबवलंत.

मुलगी नववीत गेली त्या जूनमध्ये मी तसलीच एक कोरी वही घरी आणली.

आता लिहिताना हे जरा विचित्र वाटतं. तेव्हा मला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटलं होतं. रागावून काही होत नव्हतं, समजावून होत नव्हतं, बायकोच्या बहिणीनं सुचवलेला अंगारा सुद्धा कपाटावरच पडून होता. मग आपल्याला जे येतं ते का करू नये? ऑफिसच्या बॅगेत वही ठेवायचो आणि जेवणानंतर गॅलरीत जाऊन लिहायचो. पहिलीच नोंद अशी होती: ‘डिश फेकली. भिंतीला पोचा. इजा नाही. कारण: मोबाईल काढून घेतला.’ मग का, का, का. तिसऱ्या ‘का’पर्यंत मी बरा जायचो. पाचव्या ‘का’ला बहुतेक वेळा सासरवाडीत पोचायचो, आणि ते बायकोला दाखवता येत नसे.

बायकोला वही सापडलीच. तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली की पोरांच्या खोड्या लिहून ठेवल्यानं मास्तरांचं अक्षर सुधारतं, बाकी काही होत नाही, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव आहे. मी दुखावलो. पण पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी, मुलगी खोलीत जाऊन कडी लावून बसल्यावर, ती भांडी गोळा करत म्हणाली, आजचं लिहिलंत का, आणि त्यात ताट लिहू नका, ताट मी आधीच उचललं होतं, वाटी लिहा. त्या दिवसापासून वही दोघांची झाली.

पुढं नोंदी वाढल्या तशा मी त्या लावून घेतल्या. कारखान्यातही आपण प्रकार पाडतो, तसं. दारांच्या नोंदी एका भागात, भांड्यांच्या दुसऱ्या, आणि बोलण्याच्या तिसऱ्या भागात. तिसऱ्याला मी ‘तोंड’ असा मथळा दिला होता. वही बघून कुणालाही वाटावं की हा माणूस पोटच्या पोरीचा नाही, प्रेस मशीनचा विचार करतोय. मला मात्र अभिमान होता.

सप्टेंबरमध्ये शाळेतून फोन आला की तुमच्या मुलीनं आग विझवायचा लाल सिलिंडर चालवला. आग नव्हती. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात, दोन तासांच्या मधल्या वेळात, तिनं तो भिंतीवरून काढला, पिन ओढली, नळी खाली धरली आणि झाडू मारावा तसा डावीकडून उजवीकडे फवारा मारला. स्टाफरूमच्या दारापासून जिन्यापर्यंत सगळं पांढरं. दोन बाई आणि एक शिपाई खोकत होते. मी शाळेत पोचलो तेव्हा मुख्याध्यापिकाबाई सांगत होत्या आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नळी तिनं बरोबर खाली, आगीचं बूड असतं तिथंच धरली. हे तिला मीच शिकवलं होतं, ती सातवीत असताना, कंपनीच्या कौटुंबिक दिवसाला. कंपनीत लोकांना दरवर्षी शिकवूनही ते नळी वर धरतात. हे मी बाईंना बोललो नाही. वहीत मात्र लिहिलं: ‘कारण: काही नाही.’ पाच वेळा ‘का’ विचारलं होतं. पाची वेळा तिनं खांदे उडवले होते.

मार्चमध्ये, नववीचे पेपर सुरू व्हायच्या आधी, बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं. फार सौजन्यानं बोलल्या. गुणांचा प्रश्न नाही म्हणाल्या, वातावरणाचा आहे. दहावीचं वर्ष आहे, इतर पालकांचे फोन येतात. निकाल लागला की दाखला घ्या, दुसरीकडे बघा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवा. सतरा नंबर म्हणजे घरी बसून दहावी. आमच्या घरी दिवसभर ती एकटी आणि बिजागऱ्या. बायको परत येताना गाडीत एवढंच म्हणाली की आता हॉस्टेलचं नक्की करू.

हॉस्टेलचं आमचं तसं आधीपासून चालू होतं. लोणावळ्याच्या पुढं डोंगरात एक निवासी शाळा होती, तिचं माहितीपत्रक बायकोच्या पर्समध्ये सहा-सात महिने फिरत होतं. त्यावर घोडे होते. मुलीसमोर या विषयाचं अक्षर काढायचं नाही असं आमचं ठरलेलं. म्हणून आम्ही ते फक्त स्वयंपाकघरात बोलायचो, तेही मिक्सर लावून. त्या दिवसांत आमच्याकडे खोबऱ्याची चटणी फार व्हायची.

मला ती जायला हवी होती. हे सरळ लिहितो, कारण इतकं सगळं लिहून ठेवलं आणि हे एक लपवलं तर काय उपयोग. एक जेवण असं व्हावं की वाटी वाटीच्या जागी राहील, एवढीच माझी इच्छा होती. आणि ती गाडीत बॅग टाकून जाईल, मग दिवाळीला येईल आणि मग थेट मे महिन्यात, हा विचार आला की मी गॅलरीत जाऊन विनाकारण कुंड्यांना पाणी घालायचो. दहावीला ती घरात असणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर काय यावं असं मला वाटतं, हेच मला ठरवता येत नव्हतं.

तिला सांगितलं की नुसतं बघून येऊ. ती हो म्हणाली. इस्त्रीचा ड्रेस घातला, केस विंचरले. भांडण नाही, काही नाही. मी घाबरलो.

एप्रिलमधला शनिवार होता. शाळा छानच होती. डोंगराच्या कुशीत लांबलचक इमारत, समोर मैदान, आणि घोडे खरोखर होते. प्राचार्य बारीक आवाजाचे, उन्हाळ्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले गृहस्थ. त्यांनी फॉर्म दिला. त्यात ‘पाल्याच्या वर्तनाविषयी थोडक्यात’ असं होतं आणि खाली चार रेघा. चार रेघांत मी काय लिहिणार होतो? मी बॅगेतून वही काढली.

बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण बाहेरचे तपासनीस कंपनीत आले की मी हेच करतो. विचारायच्या आत कागद पुढं करायचा. कागद पाहिला की माणूस निवांत होतो, हा माझा अनुभव. मी वही त्यांच्याकडे सरकवली आणि विभाग कसे पाडलेत ते समजावून सांगितलं. मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. तिला अशी वही आहे हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि तिला ते माहीत नाही हे मी त्या क्षणापर्यंत विसरलो होतो.

प्राचार्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बराच वेळ वाचत होते. मध्ये त्यांना ‘तोंड’ हा मथळा कळला नाही म्हणून त्यांनी तो मोठ्यानं वाचून मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सवय होती. बायको खिडकीतून घोडे बघत बसली.

मग त्यांनी वही मिटली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि सांगितलं की इतकी पूर्ण माहिती आजवर कुठल्याच पालकानं दिलेली नाही. म्हणूनच त्यांची अडचण झाली होती. “सगळे पालक म्हणतात, थोडी खट्याळ आहे. आम्ही घेतो,” ते म्हणाले. “तुम्ही लेखी दिलंय. उद्या इथं काही झालं तर आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.”

धोका माहीत असून आत घेतला तर जबाबदारी घेणाऱ्याची. हे वाक्य मी सोमवारी सकाळी पाळीवरच्या कामगारांना तोंडपाठ ऐकवतो. मला वाद घालायला जागाच नव्हती. माझ्या मुलीला नाकारण्याचं काम मी इतकं चोख करून नेलं होतं की त्यांना फक्त सही करायची बाकी होती.

घाटाकडचा रस्ता उतरून लोणावळा आलं तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, “वही द्या.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेकडे हात केला. तिनं वही काढून मागं दिली.

तुंगार्लीला माझी थोरली बहीण असते. ती आणि मेहुणे तिथं मुंबईच्या लोकांचा एक बंगला सांभाळतात. मालक वर्षातून दोनदा येतात, बाकी शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्यानं. भाचीला हॉस्टेलात घालून आई-बाप रडवेले येणार म्हणून तिनं कोंबडी शिजवली होती. तिघं उतरलो तसं तिनं आधी बोटांनी मोजल्यासारखं केलं. मग मी झालं ते सांगितलं. मुलगी तोवर मागच्या पायरीवर जाऊन बसली होती, मांडीवर वही, पान पहिलं.

बहीण ऐकता ऐकता पदरानं तोंड झाकून हसत होती.

“आरं, पोरीचं लिवून ठेवलंस व्हय तू?” ती म्हणाली. “आपल्या बाला लिवता येत न्हवतं म्हणून बरं. तुजं लिवायला घेतलं असतं तर गावातल्या शाळंच्या वह्या पुरल्या न्हसत्या. बैलाच्या शेपटीला फटाकडी कुनी बांदली हुती?”

बायकोला ही गोष्ट नवीन होती. ती माझ्याकडे वळून बघायला लागली, आणि मी विषय बदलायचा म्हणून काही काम आहे का विचारलं. होतं. तीन वाजता पाहुणे यायचे होते आणि पोहण्याच्या तलावात झाडांची पानं पडली होती. तिनं माझ्या हातात लांब दांड्याची जाळी दिली आणि बायकोला कांदे. अशा रीतीनं त्या दुपारी, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मी दुसऱ्यांच्या तलावातली पानं गोळा करत होतो आणि माझी मुलगी वीस पावलांवर बसून माझं बावीस वर्षांचं कौशल्य वाचत होती.

तासभर तरी लागला असेल. जेवायला हाक मारली तर आली नाही. मग उठली, माझ्याजवळ आली, चप्पल काढली आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले.

“बाबा, हे चुकीचं लावलंय.”

मी म्हणालो की तारखा सगळ्या बरोबर आहेत, मी त्याच दिवशी लिहीत होतो.

“तारखा आहेत. पण तुम्ही दारं एकीकडे, भांडी एकीकडे असं केलंय. सगळं एकत्र करून तारखेनं लावायचं ना.”

तिनं शेवटचं पान उघडून दाखवलं. आत्याकडून पेन्सिल घेऊन तिनं महिने लिहिले होते आणि प्रत्येकापुढं एका नोंदीला एक अशा उभ्या रेघा मारल्या होत्या. जूनपुढं दोन. जुलैपुढं दोन. ऑगस्टपुढं एकच. मग सप्टेंबर, आणि तिथून खाली प्रत्येक ओळ पानाच्या कडेपर्यंत गेलेली. कंपनीत शिकाऊ पोरगासुद्धा असा कागद बघून विचारतो की सप्टेंबरमध्ये काय बदललं. मी जाळी खाली ठेवली.

“सप्टेंबरमध्ये काय झालं?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही.”

ती पाण्यातले पाय हलवत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली. “तुम्ही मिक्सर लावून बोलता ना, बाबा. मिक्सर बंद झाला तरी तुम्ही लगेच बंद होत नाही. एक वाक्य नेहमी बाहेर येतं. गौरींच्या दिवशी आई पुरण वाटत होती. ती हॉस्टेलचं काहीतरी म्हणाली असणार. आणि मिक्सर थांबला, आणि तुम्ही म्हणालात, घर तरी शांत होईल.”

मी ते म्हणालो होतो. मला पुरणाचा वाससुद्धा आठवला. माणूस दमून बोलतो तसं बोललो होतो आणि लगेच विसरलो होतो. तो लाल सिलिंडर त्यानंतर चौथ्या दिवशी. वहीत दोन्ही तारखा पडताळता आल्या असत्या, फक्त पहिली माझ्या वहीत नव्हती. त्या वहीत माझं काहीच नव्हतं. दहा महिने मी ‘का’ विचारत होतो आणि दर वेळी उत्तराच्या जागी तिलाच उभं करत होतो. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर ती वही मी पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस.

“बोलले की,” ती म्हणाली, आणि वही माझ्या बाजूला ठेवली. “सगळं लिहिलंय तुम्ही.”

सुरक्षेच्या भाषणांत अशा ठिकाणी घोषणा असते. मी तिच्या शेजारी बसलो आणि पाय पाण्यात सोडले. तिकडून बहीण ओरडली की पाव्हणं फाटकात आल्यात आन् ही दोगं पाय बुचकळून बसल्यात. आम्ही उठायच्या आत मुंबईचं एक कुटुंब बॅगा घेऊन आलं. त्यातल्या बाईंनी माझ्या दुमडलेल्या पँटकडे पाहून मला वायफायचा पासवर्ड विचारला. मला तो माहीत नव्हता. मुलीनं सांगितला. आल्यापासून पाचव्या मिनिटाला तिनं तो मिळवलेला होता.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा मी गाडी चालवता चालवता, मिक्सरशिवाय, बायकोला म्हणालो की दहावी घरी राहूनच करू दे. बायको म्हणाली की तिलाही तेच वाटतंय, फक्त शाळा कुठली ते सांगा. मागून आवाज आला की सतरा नंबर नको. आणखी एक अट होती, की शाळा शोधायला बाबांनी एकट्यानं जायचं नाही, ते फाईल घेऊन जातील. मग घरापर्यंत चर्चा झाली. भांडणच होतं म्हणा, पण तिघांचं. शेवटी ठरलं की आमच्या कारखान्याच्या वाटेवर गावची माध्यमिक शाळा आहे तिथं विचारायचं. माझ्या हाताखालच्या निम्म्या कामगारांची पोरं तिथं जातात. सुरक्षा अधिकाऱ्याची पोरगी कशी आहे हे आठवड्याभरात सगळ्या पाळ्यांना कळणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

मे महिन्यात निकाल लागला, ती बऱ्या मार्कांनी पास झाली आणि आम्ही दाखला आणायला जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या. क्लार्कनं दाखला माझ्या हातात ठेवला. जिन्यात थांबून मी सवयीनं प्रत्येक रकाना वाचला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. खाली ‘वर्तणूक’ असा रकाना होता. त्यापुढं क्लार्कच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चांगली.

मला वाटलं चूक झाली. परत वर जाऊन विचारावं म्हणून वळलो तर बायकोनं हात धरला. सगळ्यांच्या दाखल्यावर तेच असतं, ती म्हणाली, तिच्या शाळेतही वर्गातल्या प्रत्येक पोराला तेच लिहितात. वीस वर्षांत तिनं दुसरा शब्द लिहिलेला नाही. मुलीनं दाखला माझ्याकडून ओढून घेतला, वाचला, आणि जिन्यात बसून हसायला लागली. इतकी हसली की शिपाई बघायला आला. त्या सिलिंडरच्या दिवशी खोकणारा तोच. त्याला बघून तिला आणखी हसू आलं, आणि मग त्यालाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर साठीकडे आलेले, खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी दाखला धरून वाचत होते. गुण पाहिले, वर्तणूक पाहिली, मान डोलावली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सगळं चांगलं आहे, मग ऐन दहावीला शाळा का बदलताय?

मी याचं उत्तर तयार करून नेलं होतं. बायकोनंही नेलं होतं. ती दोन वेगळी उत्तरं आहेत हे आम्हाला एकमेकांकडे बघितल्यावर कळलं, आणि आम्ही दोघंही थांबलो.

“बाबांची कंपनी इथं पुढं आहे,” मुलगी म्हणाली. “त्यांना रोज एकट्यानं यायचा कंटाळा येतो.”

हेडमास्तरांनी मला विचारलं, असं आहे का. बावीस वर्षांत मी खोट्या अहवालावर सही केलेली नाही, पण हा खोटा आहे असं छातीठोक सांगता येईना. मी हो म्हणालो. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला.

परत येताना तळेगावात तिला आइस्क्रीम हवं होतं. बायको म्हणाली, जेवणाआधी नाही. मग मुलगी म्हणाली की घर म्हणजे आईचा वर्ग नव्हे, मग बायको म्हणाली की वर्गातली पोरं तरी ऐकतात, आणि दोघी सोमाटण्यापर्यंत तशाच भांडत आल्या. मी मध्ये पडलो नाही. गाडी जरा हळू चालवली.